पेत्रचं हस्तलिखित : मुलांना होलोकॉस्ट शिकवताना एका मुलापासून सुरुवात कशी करावी

कडक शिक्षकांना मुलं मागून 'हिटलर' म्हणतात. आपण शाळेत होतो तेव्हाही म्हणायचो. ओठावर दोन बोटं ठेवून मिशीची नक्कल, हात वर करून सलाम आणि मग खिदळणं. त्या शब्दामागे काय घडलंय हे मुलांना माहीत नसतं. आपणही सांगायचं टाळतो, कारण सांगायला गेलं की छळछावण्या, प्रेतांचे ढीग आणि भला मोठा आकडा एकदम समोर येतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलापुढे ते कसं ठेवायचं, हे सुचत नाही.

मी पहिल्यांदा हा विषय, म्हणजे होलोकॉस्ट (हिटलरच्या नात्सी राजवटीने केलेला युरोपातल्या ज्यूंचा संहार), वर्गात घेतला तेव्हा आकड्यानेच सुरुवात केली. फळ्यावर '६० लाख ज्यू, त्यांत सुमारे १५ लाख मुलं' असं लिहिलं आणि थांबले. मागून एकाने विचारलं, "म्हणजे आख्खं पुणं का, बाई?" दुसरा म्हणाला, पुणं कमी पडेल. तिसऱ्याने नागपूर मिळवलं. उरलेला तास शहरांच्या लोकसंख्येत गेला. मुलांचं काहीच चुकलं नव्हतं, मीच त्यांना मोजायला बसवलं होतं.

पुढच्या वर्षी मी आकडा शेवटावर ढकलला आणि एकाच मुलापासून सुरुवात केली. पेत्र गिन्झ, राहणार प्राग, जन्म १ फेब्रुवारी १९२८. तेव्हापासून याच पद्धतीने शिकवते आहे. ती इथे सविस्तर मांडते, म्हणजे शिक्षकांना, वाचनवर्ग घेणाऱ्यांना किंवा घरी एकट्या मुलाशी बोलणाऱ्या आईबाबांनाही वापरता येईल.

पेत्रच का?

अ‍ॅन फ्रँकचं नाव बऱ्याच मुलांच्या कानावर असतं आणि तिच्यापासूनही असा अभ्यास करता येतो. पण पेत्रची गोष्ट माझ्या वर्गातल्या मुलांना लवकर आपली वाटते. तो चित्रं काढायचा, चौदा वर्षांचा व्हायच्या आत त्याने कादंबऱ्या लिहिल्या होत्या, आणि बंदिस्त गावात अडकलेला असताना तो एका साप्ताहिकाचा संपादक होता. ते साप्ताहिक म्हणजे आपल्या शाळांमध्ये निघतं तसलं हस्तलिखित, एकच प्रत असलेलं. शिवाय त्याच्या आयुष्यात सगळे टप्पे दिसतात : सुखाचं घर, मग एकेक नियम, मग घरापासून तोडणं, मग गेटो (ज्यूंना डांबून ठेवण्याची वस्ती) आणि शेवटी आउश्वित्झ ही मृत्युछावणी. हे एका दिवसात झालं नाही, हे मुलांना त्यातून आपोआप कळतं.

माझा एकच आग्रह आहे. पेत्र मुलांच्या ओळखीचा होईपर्यंत त्याच्या मरणाविषयी बोलू नका. पहिले तीन तास तो जिवंत आहे, कामात आहे, खोड्या करतो आहे. "तो शेवटी मेला का?" असं कुणी पहिल्याच दिवशी विचारलं तर खोटं बोलू नये. "हो, त्याबद्दल आपण चौथ्या तासाला बोलणार आहोत," एवढं सांगावं आणि पुढे जावं.

आधीची तयारी

वय. सहावीच्या खाली नको. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाची शिफारसही सहावी आणि पुढच्या मुलांसाठी आहे. मला सातवी ते नववी हा गट सर्वांत योग्य वाटतो, कारण पेत्र घरातून नेला गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता. समवयस्क मुलांना वेगळं काही समजवावं लागत नाही.

तारखा. शिकवणाऱ्याला एवढी साखळी तोंडपाठ हवी : १९३३ मध्ये हिटलर जर्मनीत सत्तेवर आला. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं. १९४१ पासून ज्यूंची सामूहिक कत्तल सुरू झाली. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य आउश्वित्झला पोहोचलं आणि मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं. मुलांना हे पाठ करायला लावू नका. तुम्ही अडखळलात तर मात्र मुलं लगेच ओळखतात.

पालक. एक साधी चिठ्ठी पाठवा : विषय काय, किती तास, काय दाखवणार, काय दाखवणार नाही. 'घरी मुलं प्रश्न विचारतील, ऐकून घ्या' हे वाक्य त्यात जरूर घाला. नुकतंच घरात कुणी गेलेलं मूल वर्गात असेल तर त्याच्याशी आधी एकट्याने बोला, आणि चौथ्या तासाला बसायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या.

सामान. युरोपचा भिंतीवरचा नकाशा, पेत्रचा फोटो, त्याने काढलेलं चंद्राचं चित्र, तेरेझिनमधल्या मुलांची चार-पाच चित्रं आणि भरपूर कोरे कागद. चित्रं जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकाच्या आणि प्रागच्या ज्यू संग्रहालयाच्या संकेतस्थळांवरूनच घ्या. समाजमाध्यमांवर फिरणारे रंगवलेले किंवा संगणकाने बनवलेले 'ऐतिहासिक' फोटो अजिबात नकोत. या विषयात एक खोटा फोटो सापडला की मुलांचा खऱ्यावरचाही विश्वास उडतो. आणि वर्गातल्या पडद्यावर, मुलांसमोर, इंटरनेटवर शोध कधीच घेऊ नका. काय उघडेल सांगता येत नाही. प्रेतांचे, उपाशी माणसांचे, नग्न कैद्यांचे फोटो या अभ्यासात कुठेच लागत नाहीत.

वेळ. पन्नास मिनिटांचे पाच तास, दोन आठवड्यांत. चौथा तास शनिवारी किंवा सुटीच्या आदल्या दिवशी येणार नाही हे पाहा. ते ऐकून मूल दोन दिवस एकटं पडू नये, दुसऱ्या दिवशी तुम्ही समोर असायला हवं.

पहिला तास : चंद्रावरून पृथ्वी

नाव न सांगता चित्र फळ्यावर लावा. पेन्सिलीने काढलेलं, वहीच्या पानापेक्षा लहान. पुढे टोकदार, काळेभोर डोंगर आहेत, आणि आकाशात गोल आहे तो चंद्र नाही, पृथ्वी आहे. हे मुलांना स्वतःच शोधू द्या. "चित्र काढणारा कुठे उभा आहे?" एवढंच विचारायचं. कुणीतरी खंडांचे आकार ओळखतं आणि ओरडतं, "तो चंद्रावर उभा आहे!"

मग विचारा, माणूस चंद्रावर कधी उतरला? १९६९. हे चित्र १९४२ ते १९४४ च्या दरम्यानचं आहे. काढणारा तेव्हा चौदा ते सोळा वर्षांचा होता. कुठे बसून काढलं ते आज सांगायचं नाही.

आता पेत्रचं घर. वडील ओटो कापडाच्या कंपनीत अधिकारी होते, आई मारी. दोघांची ओळख झाली एस्पेरांतोमुळे. जगातल्या सगळ्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १८८७ मध्ये झामेनहोफ नावाच्या डॉक्टरांनी तयार केलेली ही भाषा. ते स्वतः ज्यू होते. गिन्झांच्या घरी चेक आणि एस्पेरांतो दोन्ही बोलल्या जायच्या, आणि पेत्रने लहान वयातच या दोन भाषांचा एक कोश तयार करायला घेतला होता. धाकटी बहीण एव्हा, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. ज्युल व्हर्नच्या कथांनी पेत्रला वेड लावलं होतं. त्याने स्वतः पाच कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली एक उरली आहे. तिच्यात काँगोच्या जंगलात एक प्राचीन अजस्र प्राणी अवतरतो. चित्रंही त्यानेच काढली होती.

इथे भरपूर वेळ द्या. मुलं विचारतात, त्याला क्रिकेट आवडायचं का, तो भांडायचा का, बहिणीला त्रास द्यायचा का. माहीत असेल तेवढंच सांगा, रंगवू नका. तास संपताना प्रत्येकाने 'पेत्रला मी भेटलो असतो तर' या विषयावर पाच ओळी लिहायच्या. बहुतेक जण लिहितात, त्याची कादंबरी मागितली असती.

ज्यू म्हणजे कोण?

हा प्रश्न पहिल्या किंवा दुसऱ्या तासाला येतोच, आणि त्याचं उत्तर होलोकॉस्टमधून देऊ नये. ज्यू माणसांशी मुलांची पहिली ओळख मेलेली माणसं म्हणून होता कामा नये. आपल्याकडे तर त्याची गरजच नाही. अलिबाग, रेवदंडा, पनवेलच्या परिसरात बेने इस्राएल हे ज्यू लोक शतकानुशतकं राहिले, घरात मराठी बोलले, तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेले. पुण्याचं लाल देऊळ मुलांनी बाहेरून तरी पाहिलेलं असतं. ते ज्यू प्रार्थनामंदिर आहे, बगदादी ज्यूंनी बांधलेलं. हे सांगताना हेही स्पष्ट करा की इथल्या ज्यूंना तो संहार सोसावा लागला नाही.

एक धागा मात्र थेट प्रागहून मुंबईला येतो. वॉल्टर काउफमान हा प्रागमध्ये शिकलेला ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईला आला, म्हणून वाचला. त्याने मुंबई आकाशवाणीत काम केलं, आणि सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची ती धून त्याचीच मानली जाते. ती वर्गात वाजवा. आजी-आजोबांनी ऐकलेली ही धून अशा एका माणसाची आहे जो वेळेत बाहेर पडू शकला. ज्यांना तसं जमलं नाही त्यांच्याविषयी आपण बोलणार आहोत.

आणखी एक घोटाळा इथेच मिटवा. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती, कोल्हापूरकडच्या मुलांना ती ऐकून माहीत असते. ती गोष्ट वेगळी आहे. ते लोक बहुतांशी ख्रिस्ती होते आणि सोव्हिएत रशियाने त्यांना हद्दपार केलेलं होतं. दोन्ही गोष्टी एकत्र कालवू नका.

दुसरा तास : एकेक नियम

पेत्रने सप्टेंबर १९४१ पासून रोजनिशी लिहिली, स्वतः शिवलेल्या वह्यांमध्ये. १९ सप्टेंबर १९४१ ला ज्यूंनी कपड्यांवर पिवळा तारा लावण्याची सक्ती सुरू झाली. त्या दिवशी पेत्रने आधी हवेविषयी लिहिलं, धुकं होतं म्हणून. मग शाळेत जाताना रस्त्यात असे किती 'शेरीफ' दिसले ते मोजून लिहिलं : एकोणसत्तर. आईला शंभरावर दिसले. अमेरिकन शेरीफच्या छातीवर तारा असतो, त्यावरची ही त्याची थट्टा. मुलं हसतात. हसू द्या. तेरा वर्षांच्या मुलाने भीतीवर केलेला तो विनोद आहे, आणि थोड्या वेळाने मुलांच्या ते लक्षात येतं.

आता कागदाच्या पट्ट्या. प्रत्येकीवर एक नियम : सरकारी शाळेत जायचं नाही. सिनेमाला, बागेत जायचं नाही. ट्राममध्ये फक्त शेवटच्या डब्यात. दुकानात ठरावीक वेळेतच. रेडिओ जमा करायचा. सायकल जमा करायची. वाद्यं जमा करायची. तारा लावायचा. दुसऱ्या बाजूला पेत्रचा दिवस लिहा, सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत. मुलांनी पट्ट्या एकेक करून त्या दिवसावर ठेवायच्या आणि काय झाकलं गेलं ते पाहायचं. शेवटी लिहिणं, वाचणं आणि चित्रं काढणं एवढंच उघडं राहतं. पेत्रने तेच केलं.

या तासातला कळीचा प्रश्न पुढचा आहे : हे नियम राबवले कुणी? मुलं म्हणतात हिटलरने. मग विचारा, हिटलर ट्राममध्ये तिकिटं तपासायला येत होता का? जमा केलेल्या सायकली नंतर कोण चालवत होतं? याद्या कुणी टंकल्या? पिवळं कापड कुठल्या कारखान्यात छापलं गेलं? वर्ग शांत होतो. 'एका वेड्या माणसाने सगळं केलं' ही समजूत इथेच मोडायला हवी, कारण मोठी माणसंही तीच बाळगून असतात.

आपल्या वर्गात याच क्षणी कुणीतरी म्हणतं, "म्हणजे चवदार तळ्यासारखं का?" हा प्रश्न दाबू नका. कुणाला कुठलं पाणी, कुठला रस्ता, कुठली शाळा हे जन्मावरून ठरवणं म्हणजे काय हे आपल्या मुलांना युरोपातल्या मुलांपेक्षा जवळून ठाऊक आहे. पण दोन्ही एकच आहे असंही म्हणू नका. मी तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि त्यासाठी स्वतंत्र तास देते.

पेत्रची आई ज्यू नव्हती, वडील होते. अशा घरांतल्या मुलांना चौदा वर्षं पूर्ण झाली की घरातून नेलं जायचं. ऑक्टोबर १९४२ मध्ये पेत्रची पाळी आली. आईबाबा आणि एव्हा मागे राहिले, तो एकटा गेला. तास इथे थांबवा.

तिसरा तास : खोली नंबर एक

नकाशावर प्रागच्या उत्तरेला साधारण साठ किलोमीटरवर तेरेझिन दाखवा. अठराव्या शतकात बांधलेलं तटबंदीचं छोटं गाव. १९४१ च्या नोव्हेंबरपासून नात्सींनी त्याचा गेटो केला. एकूण सुमारे १ लाख ४० हजार ज्यू तिथे आणले गेले. साधारण ३३ हजार तिथेच उपासमारीने आणि आजारांनी मेले, जवळजवळ ९० हजार पुढे पूर्वेकडे पाठवले गेले. आकडे सांगायचेच तर इथे, आणि फक्त हेच.

पेत्र ज्या इमारतीत होता तिला एल ४१७ म्हणत. पूर्वीची शाळाच होती ती. मुलांना शिकवायला बंदी होती, तरी चोरून वर्ग भरायचे. खोली नंबर एकमध्ये मुलं तीन मजली फळ्यांवर झोपायची, आणि त्यांच्यासोबत तिथेच राहायचे त्यांचे तरुण शिक्षक वाल्टर आयसिंगर. त्यांनी मुलांना स्वतःचा कारभार स्वतः चालवायला लावला. मुलांनी आपल्या खोलीचं 'प्रजासत्ताक' केलं, त्याचं गीत रचलं, आणि साप्ताहिक काढलं : 'वेदेम'. चेक भाषेत अर्थ 'आम्ही आघाडीवर'.

वेदेमबद्दल बोलताना घाई करू नका, या अभ्यासाचा जीव इथे आहे. दर आठवड्याला एक अंक, एकच प्रत. शुक्रवारी संध्याकाळी मुलं फळ्यांवर बसायची आणि ज्याने त्याने आपापलं वाचायचं. कविता, विनोद, टीका, शब्दचित्रं, पुस्तकांवरचे लेख. संपादक पेत्र. घरून येणाऱ्या पार्सलातलं खाणं देऊन तो मुलांकडून लेख मिळवायचा. तरी कुणी लिहिलं नाही तर वेगवेगळ्या टोपणनावांनी स्वतःच पानं भरायचा. 'तेरेझिनमधली भटकंती' हे त्याचं सदर. त्यासाठी तो बातमीदारासारखा गावभर फिरला, बेकरीत गेला, अग्निशामक दलात गेला, स्मशानभट्टीपर्यंत गेला, आणि तिथलं काम कसं चालतं ते विचारून लिहून काढलं. शिवाय महिन्याच्या शेवटी स्वतःपुरता हिशेब : काय वाचलं, काय शिकलो, काय काढलं, पुढच्या महिन्यात काय करायचं.

इथेच मुलांना चंद्राचं चित्र पुन्हा दाखवा आणि सांगा, ते याच गावात काढलं.

मग कामाला लागायचं. वर्गाने आपलं हस्तलिखित काढायचं. एक महत्त्वाची अट : तेरेझिनमध्ये असल्याचं सोंग नको. 'मी गेटोतला मुलगा आहे' असे लेख मी स्वीकारत नाही. आपलं गाव, आपली शाळा, आपलं लिहिणं. पेत्रकडून घ्यायची ती त्याची पद्धत. माझ्या वर्गाने 'भटकंती' सदर घेतलं. कुणी पिठाच्या गिरणीत गेलं, कुणी एसटीच्या आगारात, कुणी कचरा गाडीच्या ताईंना भेटलं. एका मुलीने लिहिलं की गिरणीवाले काका एका कानाने कमी ऐकतात आणि ते तिला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

नववीसाठी एक जोड आहे. २३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचं शिष्टमंडळ तेरेझिन पाहायला आलं. त्याआधी गाव रंगवलं गेलं, फुलझाडं लावली, नावापुरती दुकानं मांडली, आणि गर्दी दिसू नये म्हणून साडेसात हजार माणसं आउश्वित्झला पाठवली गेली. पाहुणे फसले. मुलांना विचारा : तुम्ही त्या शिष्टमंडळात असता तर कुठलं दार उघडून पाहिलं असतं, कुणाशी एकट्याने बोलला असता? कागदपत्रं आणि फोटो कसे तपासायचे याचा याहून चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

चौथा तास : २८ सप्टेंबर १९४४

हा तास मी बसून घेते, मुलांना गोलात बसवून. पाठ्यपुस्तक नाही, पडदा नाही. मी जे बोलते ते जवळजवळ दर वेळी हेच असतं :

"मे १९४४ मध्ये एव्हा चौदा वर्षांची झालेली असल्याने तिलाही तेरेझिनला आणलं, आणि बहीणभाऊ दीड वर्षाने भेटले. २८ सप्टेंबर १९४४ ला पेत्रला पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाडीत चढवलं गेलं. ती गाडी आउश्वित्झला गेली. तिथे त्याला इतर पुष्कळ लोकांसोबत विषारी वायूने मारण्यात आलं. तो सोळा वर्षांचा होता."

एवढंच. वायूच्या कोठडीच्या आतलं वर्णन नाही. गाडीच्या डब्यातलं वर्णन नाही. कुणी खोदून विचारलं तर "त्यांना मारण्यासाठीच ती जागा बांधली होती," इतकं उत्तर द्यावं आणि जास्त माहिती हवी असेल त्याच्याशी नंतर एकट्याने बोलावं. त्यानंतर गप्प बसा. दोन मिनिटं फार मोठी वाटतात, पण ती भरून काढू नका.

मग मागे राहिलेल्यांबद्दल सांगा. एव्हा वाचली, वडीलही वाचले. घरच्यांनी पेत्रची वाट पाहिली. आयसिंगर परतले नाहीत, खोलीतली बहुतेक मुलंही नाहीत. झ्देनेक ताउसिग नावाचा मुलगा मात्र शेवटपर्यंत तेरेझिनमध्ये राहिला. त्याने वेदेमची पानं लपवून ठेवली आणि युद्ध संपल्यावर बाहेर काढली. सुमारे आठशे पानं. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाईंनी तेरेझिनमधल्या मुलांना चित्रं शिकवली. त्यांनाही आउश्वित्झला मारलं गेलं, पण जाण्याआधी मुलांची चित्रं सूटकेसमध्ये भरून ठेवलेली होती. चार हजारांवर चित्रं आज प्रागमध्ये आहेत. फळ्यावर मुलांची चित्रं लावून तास संपवा. शेवटी नजरेसमोर तेच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं ठेवा, फक्त 'काल घरी गेल्यावर काय वाटलं' यासाठी.

पाचवा तास : कल्पना चावलासोबत

१६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान अवकाशात झेपावलं. त्यात कर्नालच्या कल्पना चावला होत्या, हे आपल्या मुलांना पाठ असतं. त्याच यानात इलान रामोन हे इस्राएलचे पहिले अंतराळवीर होते. त्यांची आई आउश्वित्झमधून वाचलेली. सोबत न्यायला त्यांनी याद वाशेमकडे एक वस्तू मागितली, आणि तिथून त्यांना पेत्रच्या चंद्राच्या चित्राची प्रत मिळाली. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना यान फुटलं, सातही जण गेले. त्या दिवशी पेत्र पंचाहत्तर वर्षांचा झाला असता.

त्या बातम्या पाहून प्रागमधल्या एका माणसाला आपल्या जुन्या घरात सापडलेल्या वह्या आठवल्या. त्याच पेत्रच्या रोजनिशी होत्या. चित्रकार झालेल्या एव्हाने, म्हणजे हावा प्रेसबुर्गर यांनी, त्या २००४ मध्ये प्रसिद्ध केल्या. पुढे एका लघुग्रहालाही पेत्रचं नाव मिळालं. हे सगळं सांगताना 'दैवी योग' वगैरे म्हणू नका. त्याने पेत्रच्या मरणाची भरपाई झाल्यासारखं वाटतं, आणि ती झालेली नाही.

हा अभ्यास जानेवारीच्या अखेरीस घेतला तर २७ जानेवारीचा आंतरराष्ट्रीय स्मृतिदिन आणि १ फेब्रुवारी हे दोन्ही दिवस त्यात येतात.

येणारे प्रश्न

"स्वस्तिक तर आपल्या दारावर असतं." आपलं स्वस्तिक हजारो वर्षं जुनं, शुभाचं. नात्सींनी विसाव्या शतकात तो आकार तिरका करून आपल्या झेंड्यावर घेतला. युरोपातल्या ज्यू आजोबांना तो पाहून काय आठवत असेल, हेही मुलांना सांगावं. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांना हे बोलणं टाळता येत नाही, तिथे शेजारी दारावरच्या रांगोळीबद्दल विचारतात.

"सुभाषबाबू हिटलरला भेटले होते ना?" हो, मे १९४२ मध्ये, देशाच्या स्वातंत्र्यासाठी मदत मागायला. त्या भेटीने हिटलर चांगला ठरत नाही. मुलांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवता येतात, आपल्यालाच वाटतं की येणार नाहीत.

"ते पळून का गेले नाहीत?" पासपोर्ट, पैसे, घ्यायला तयार असलेला देश, म्हातारी आजी. पेत्रच्या घरापुरतं विचारा : बाहेर पडायला त्यांना काय काय लागलं असतं? यादी करून झाली की प्रश्न स्वतःच विरतो.

"पण हिटलरमुळे शिस्त होती, रस्ते झाले." हे मुलं घरून ऐकून येतात. चिडू नका. दुसऱ्या तासाच्या पट्ट्या काढा आणि विचारा, ही शिस्त कुणासाठी होती?

"मग आता गाझात काय चाललंय?" मोठी मुलं विचारतात आणि विचारायलाच हवं. मी सांगते की तो आजचा, स्वतंत्र प्रश्न आहे, त्याच्यासाठी वेगळा तास घेऊ. पेत्रच्या मरणाचा कुठल्याच बाजूने पुरावा म्हणून वापर करायचा नाही, एवढी अट घालते.

हे करू नका

मुलांच्या छातीवर तारे लावणं, निम्म्या वर्गाला ज्यू आणि निम्म्याला सैनिक करणं, अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने उभं करून 'गाडीत काय वाटलं असेल' विचारणं. उत्साही शिक्षक हे करतात आणि हेतू चांगलाच असतो. पण मुलांना त्यात एक तर खेळ दिसतो, नाही तर खरीच भीती बसते, आणि आपल्याला सगळं कळलं असा खोटा समज होतो. स्नेहसंमेलनात नात्सी गणवेशातलं नाटकही नको. या अभ्यासाला गुण देऊ नका, प्रश्नमंजूषा घेऊ नका.

घरी एकट्या मुलाशी बोलत असाल तर तास वगैरे विसरा. चंद्राच्या चित्रापासून सुरुवात करा आणि मूल विचारेल तिथवरच जा. झोपायच्या वेळी हा विषय काढू नका. जर्मनीत किंवा प्रागमध्ये राहणाऱ्यांना सुरुवात रस्त्यावरच सापडते : घरांसमोरच्या फरसबंदीत बसवलेल्या छोट्या पितळी विटा, प्रत्येकीवर तिथून नेलेल्या एका माणसाचं नाव आणि वर्षं. युरोपभर त्या एक लाखाहून जास्त आहेत. मुलासोबत वाकून एक वाचा, मग त्या माणसाचं वय काढा.

हस्तलिखिताचं काय करायचं? एकच प्रत ठेवा, झेरॉक्स नको, फोटो काढून ग्रुपवर टाकणं नको. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला मोठ्याने वाचन, लिहिणाऱ्यानेच. संपादक मुलांनी निवडायचा, आपण फक्त शुद्धलेखन विचारलं तर सांगायचं. गेल्या वर्षी तिसऱ्या अंकाला लेखच आले नाहीत. संपादक झालेली मुलगी दोन दिवस तोंड पाडून बसली होती. तिसऱ्या दिवशी ती डब्यात राजगिऱ्याचे लाडू घेऊन आली आणि मधल्या सुटीत बाकाबाकावर फिरून म्हणाली, "एका लेखाला एक लाडू. कवितेला अर्धा."